अंगावरून वारं गेल्यावर मन का विझतं?

गेल्या पावसाळ्यात नेवासा तालुक्यातल्या एका वस्तीवर रक्तदाब तपासायला गेले होते. विहाराच्या ओट्यावर मशीन मांडलं, बाया रांगेनं बसल्या. त्यातल्या एक मावशी काही हात पुढे करेनात. म्हणाल्या, "माझं राहू द्या ताई, आधी घरी चला. आमच्या माणसाच्या अंगावरून वारं गेलंय, चार महिने झाले. पाय टाकायला लागलेत, हात पण थोडा उचलतात. पण दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून राहतात. पोरगा म्हणतो, बाबा नाटक करतात. जाऊबाई म्हणतात, बाहेरचं काहीतरी आहे."

घरी गेले. मामा, मी त्यांना मामाच म्हणते, सेंटरिंगच्या कामावर आयुष्य काढलेला गडी. वय साठीच्या आत. उशाशी औषधांची पिशवी होती. तिच्यात रक्तदाबाच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट, आणि शेजारी पावडरचा एक चकचकीत मोठा डबा. डब्यावर 'अँटिऑक्सिडंट' असं इंग्रजीत ठळक छापलेलं. ओळखीतल्या एका पोरानं साडेआठशे रुपयांना दिला होता. मेंदूतला गंज निघून जातो आणि माणूस पुन्हा हसायला-बोलायला लागतो, असं त्यानं सांगितलं होतं. डब्यात पैसे गेले म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या पंधरा दिवसांपासून बंद.

मी मामांना दोनच गोष्टी विचारल्या. गेल्या पंधरा दिवसांत मन उदास, निराश वाटतं का? आणि आधी ज्यात मन रमायचं त्यात आता रमत नाही, असं होतं का? मामा भीमगीतांच्या पार्टीत ढोलकी वाजवायचे. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग डोळ्यांतून पाणी आलं आणि अडखळत एवढंच म्हणाले, "मी आता घरातली जागा अडवून बसलोय."

दवाखान्यातून घरी आल्यापासून चार महिन्यांत हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. कागद पाहिले. सीटी स्कॅन होता, साखर होती, कोलेस्टेरॉल होतं. मनाबद्दल एक शब्द नव्हता. पण मला दुसऱ्याला नावं ठेवायचा अधिकार नाही. मी स्वतः वॉर्डात बरीच वर्षं काढली आहेत. कूस बदलली का, लघवीची पिशवी रिकामी केली का, सगळं वेळेवर लिहीत होते. रडणाऱ्या पेशंटला मात्र "रडू नका, धीर धरा" एवढं बोलून पुढच्या खाटेकडे जात होते. नर्सिंगचा डिप्लोमा करताना पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं हे आमच्याकडून शंभर वेळा घोटून घेतलं. लकव्याच्या पेशंटला मनाचं विचारायचं, हे कुणी शिकवल्याचं मला आठवत नाही.

त्या डबा विकणाऱ्या पोराचं बोलणं अर्धं खरं होतं. म्हणूनच ते जास्त धोक्याचं.

खरं अर्धं आधी सांगते. आपला मेंदू वजनानं शरीराच्या दोन टक्के, पण शरीरात येणाऱ्या ऑक्सिजनपैकी वीस टक्के एकटा खातो. बहुतेक लकव्यांत रक्ताची गुठळी अडकते आणि मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा तुटतो (काहींची रक्तवाहिनी फुटते, तो प्रकार वेगळा). पेशी उपाशी पडतात. पुढे गुठळी विरघळली, रक्त परत आलं, की आपल्याला वाटतं सुटलो. पण जखमी पेशींमध्ये एकदम ऑक्सिजन आला की त्यातून काही तापट कण तयार होतात. डॉक्टर त्यांना फ्री रॅडिकल म्हणतात, मराठी पुस्तकांत मुक्त मूलकं. हे कण दिसेल त्याला चावतात. पेशीचं आवरण चरबीचं असतं आणि मेंदूत चरबी भरपूर, म्हणून तिथं नासधूस जास्त. चिरलेलं वांगं हवेवर ठेवलं की काळं पडतं, तसंच काहीसं. वांगं आपण पाण्यात टाकून वाचवतो. शरीराकडेही असे कण विझवणारे स्वतःचे रक्षक असतात, पण लकव्यात कण इतके होतात की रक्षक पुरे पडत नाहीत. या ओढाताणीला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. ताण हा शब्द ऐकून टेन्शन समजू नका. हा पेशींच्या आतला ताण आहे.

आता मनाकडे येऊ. या नासधुशीमुळे मेंदूत सूज धरते. मन स्थिर ठेवणारं सेरोटोनिन नावाचं रसायन शरीर आपल्या जेवणातल्याच एका घटकापासून बनवतं. सूज असली की तो कच्चा माल दुसऱ्याच वाटेला वळतो आणि सेरोटोनिन कमी पडतं. मेंदूच्या पेशींना नवीन जोडण्या करायला मदत करणारी प्रथिनंही घटतात. लकव्यानंतर ज्यांना नैराश्य आलं त्यांच्या रक्तात या नासधुशीच्या खुणा इतर पेशंटपेक्षा जास्त आढळल्याचे अभ्यास आहेत. यावरून ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस हेच एकमेव कारण, असं सिद्ध होत नाही. हातपाय गेल्याचं दुःख असतं, कमाई थांबते, माणूस दुसऱ्यावर विसंबून राहतो, आधीपासून उदासीचा त्रास असेल तर तोही उफाळतो. सगळं मिळून होतं. पण मेंदूच्या आत खरोखर काहीतरी बिघडलेलं असतं, एवढं नक्की.

कुणी म्हणेल, हात गेला की कुणालाही वाईट वाटणारच, त्यात आजार कसला? अमेरिकेतल्या डॉक्टरांनी नेमका हाच प्रश्न १९७७ साली विचारला होता. त्यांनी लकव्याचे २० पेशंट घेतले आणि हाडांच्या दुखण्यामुळे जवळपास तितकंच परावलंबी झालेले १० पेशंट घेतले. हाडांच्या पेशंटमध्ये १० पैकी एकाला नैराश्य होतं. लकव्याच्या पेशंटमध्ये २० पैकी ९ जणांना. अभ्यास छोटा होता, पण पुढं जगभर यावर खूप काम झालं, आणि आज ढोबळमानानं असं सांगता येतं की लकव्यातून वाचलेल्या दर तीन माणसांपैकी एकाला नैराश्य येतं. बहुतेकांना पहिल्या वर्षातच.

तीनपैकी एक. आपल्या वस्तीत लकवा झालेली माणसं मोजा. बहुतेकांना बोटं पुरणार नाहीत. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ८६ गावांतले मृत्यू तपासले. त्याचा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्या खेड्यापाड्यांत माणसं मरण्याचं पहिल्या क्रमांकाचं कारण लकवा निघालं, जवळपास दर सात मृत्यूंमागे एक. बहुतेक जण घरीच गेले. आपण समजत होतो की हा शेठ-साहेबांचा आजार. आपल्या जिल्ह्यात पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची माणसं सहा-सहा महिने उसाच्या फडावर असतात. तिथं कोयता बरोबर जातो, रक्तदाबाची गोळी मागं राहते. त्यात तंबाखू, मिश्री, बिडी, चुलीचा धूर. यांतली प्रत्येक गोष्ट शरीरात तेच तापट कण वाढवते आणि रक्तवाहिन्याही खराब करते. म्हणजे लकवा यायच्या आधीच मेंदूचे रक्षक थकलेले असतात.

आता त्या पोराचं खोटं अर्धं. फ्री रॅडिकलनं नुकसान होतं, म्हणून ते विझवणारा पदार्थ पोटात घातला की माणूस बरा होईल, हा हिशेब सरळ वाटतो. शास्त्रज्ञांनाही तो सरळ वाटला होता. एनएक्सवाय-०५९ नावाचं असंच एक औषध प्राण्यांवर छान चाललं, माणसांवरच्या पहिल्या मोठ्या चाचणीतही थोडी आशा दिसली. २००७ साली त्याहून मोठ्या चाचणीचा निकाल आला, आणि फायदा शून्य. औषध सोडून द्यावं लागलं. एडारावोन नावाचं एक औषध जपानमध्ये २००१ पासून वापरतात, आपल्याकडेही काही डॉक्टर देतात. पण ते शिरेतून द्यायचं, लकव्याच्या पहिल्या दिवसांत, दवाखान्यात. चार महिन्यांनी पावडर दुधात कालवून नव्हे.

"घेतलं तर बिघडलं काय?" हे तर मी रोज ऐकते. बिघडतं. ई जीवनसत्त्वाच्या गोळ्यांवरच्या अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा २०१० साली असं दिसलं की त्या घेणाऱ्यांत गुठळीचा लकवा थोडा कमी झाला, पण रक्तवाहिनी फुटून होणारा, जास्त जीवघेणा लकवा सुमारे २२ टक्क्यांनी वाढला. त्याआधी १९९४ साली फिनलंडमध्ये २९ हजार सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर अभ्यास झाला. बीटा कॅरोटीन हे गाजरातलंच तत्त्व, त्याच्या गोळ्या ज्यांना दिल्या त्यांच्यात फुप्फुसाचा कॅन्सर कमी व्हायच्या ऐवजी १८ टक्क्यांनी वाढला. बिडी ओढणाऱ्या भावांनी हे लक्षात ठेवावं. गाजर खाल्ल्यानं कुणाचं काही बिघडलं नाही, बिघडलं ते गोळीनं.

म्हणून मला विचाराल तर तांदुळजा, शेवग्याचा पाला, हरभऱ्याची भाजी, पेरू, आवळा, लिंबू, जवसाची चटणी हे ताटात असावं. मीठ, पापड, लोणचं कमी असावं. पण अन्न म्हणून. आवळ्यानं उदासी गेली असं मी लिहिणार नाही, कारण तसं मला कुठं दिसलेलं नाही. साडेआठशे रुपयांत किती पेरू आणि किती महिन्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या येतात, याचा हिशेब मी त्या घरात बसून मांडला. आणि गोळ्या तर विकत घ्यायचीही गरज नाही. राज्यात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. औषध शिल्लक नाही असं सांगितलं तर परत फिरू नका. कधी येणार ते विचारा, आणि चार जण मिळून विचारा.

नैराश्यावर उपचार आहेत. मनाच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या असतात, समुपदेशन असतं, व्यायाम असतो. गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून ती फेकायची नाही आणि बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायची नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या डॉक्टरांना आधी दाखवायच्या. लकवा झालेल्या सरसकट सगळ्यांना ही गोळी द्यावी का, याचीही मोठी चाचणी ब्रिटनमध्ये झाली. तीन हजारांहून जास्त पेशंट होते, निकाल २०१८ साली आला. फ्लुओक्सेटिन घेणाऱ्यांत नैराश्य कमी जणांना आलं, पण हातपाय काही लवकर सुधारले नाहीत, उलट हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं. म्हणजे शेजारच्याची गोळी आणून द्यायची नाही. ज्याला नैराश्य आहे त्याला, डॉक्टरांनी तपासून.

ओळखायचं कसं? वरचे दोन प्रश्न कुणीही विचारू शकतं. ज्याची वाचा गेली आहे त्याच्याकडे बघावं लागतं. जेवण सुटलंय का, झोप उडालीय का, व्यायामाला नको म्हणतोय का, नातवंडं जवळ आली तरी मान फिरवतोय का. एक वेगळा प्रकारही असतो. माणूस मध्येच रडतो नाहीतर हसतो आणि स्वतःच ओशाळतो, म्हणतो मला काही वाईट वाटत नव्हतं. तोही मेंदूच्या जखमेचाच भाग आहे, त्यावरही औषध आहे. आणि मरणाची भाषा निघाली तर ती धमकी समजू नका. त्याच दिवशी फवारणीचं औषध घरातून हलवा, माणसाला एकटं ठेवू नका आणि १४४१६ वर फोन लावा. ही सरकारची टेलीमानस सेवा आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम असतो. तिथं जायला वेड लागावं लागत नाही.

आता आपल्या घरातलं बोलते, राग मानू नका. आपण देव्हारे सोडले, नवस सोडले. पण माणूस गप्प झाला की "बाहेरचं" हा शब्द आपल्याही वस्तीत पटकन निघतो. लिंबू-नारळ उतरवून टाकण्यात महिना जातो. आणि जे अंगारे-धुपारे मानत नाहीत ते दुसरं बोलतात, "हिंमत धर, आपण लढणारी माणसं." मला हे दुसरं जास्त टोचतं. ज्याच्या मेंदूतलं रसायन आटलंय त्याला हिंमत धर म्हणणं म्हणजे मोडलेल्या पायाच्या माणसाला पळ म्हणणं. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये आजारी भिक्खूचा प्रसंग घेतला आहे. हगवणीनं लोळागोळा झालेला, कुणी न विचारलेला तो भिक्खू. बुद्धांनी आनंदाला बरोबर घेऊन त्याला स्वतःच्या हातानं धुतलं. आधी विचारपूस केली, मग पाणी आणलं. उपदेश केला तो बाकीच्या भिक्खूंना, आजाऱ्याला नव्हे.

आणि सेवा करतं कोण? मावशी सकाळी मामांचं आवरून, त्यांना खाऊ घालून दुसऱ्याच्या रानात खुरपायला जातात. संध्याकाळी परत तेच. रक्तदाब तपासायच्या रांगेत त्यांनी हात पुढे केला नव्हता ना? मी घरी बळंच तपासला. वरचा १७० निघाला. लकवा एकाला होतो, पण आजारी घरातली दोघं पडतात, आणि दुसरी नेहमी बाईच असते. पोरांनी निदान संध्याकाळचा व्यायाम आपल्याकडे घ्यावा. वीस मिनिटं लागतात.

माझी मागणी फार मोठी नाही. आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा जो तपासणीचा कागद भरतात, त्यात हे दोन प्रश्न आधीच छापलेले आहेत. नवीन काही शोधायचं नाही. लकवा झालेल्याच्या घरी तो कागद पुन्हा भरला जावा, दवाखान्यातून सुटल्यावर महिन्यानं, मग तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. आणि सुटीच्या कार्डावर, जिथं रक्तदाब आणि साखर लिहितात, तिथं मनासाठी एक ओळ असावी. आशाताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे हे मला कळतं, त्यांना त्याचा मोबदला मिळाला पाहिजे. पण "हे डॉक्टरांचं काम, कमी शिकलेल्या बाईला जमणार नाही" असं कुणी म्हणालं तर त्याला जामखेडला पाठवा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथं काम सुरू केलं तेव्हा गावोगावच्या आरोग्यसेविका बहुतेक अक्षर न ओळखणाऱ्या होत्या, कितीतरी आपल्याच समाजातल्या. ज्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं त्यांच्या हातात गावानं बाळंतिणी दिल्या. त्यांच्या लेकी-सुनांना दोन प्रश्न विचारता येणार नाहीत?

एक गोष्ट राहिली. मन विझू नये यासाठी सगळ्यात मोठा उपाय लकव्याच्या पहिल्या तासांत असतो. तोंड वाकडं झालं, हात खाली पडला, बोबडी वळली, की कांदा हुंगवत किंवा पायाला तेल चोळत बसू नका, १०८ बोलवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. म्हणून गाडीवाल्याला सीटी असलेल्या दवाखान्यातच न्यायला सांगा. जितका मेंदू वाचेल तितकं पुढचं सगळं हलकं.

मामांना आम्ही जिल्हा रुग्णालयात नेलं. पहिल्यांदा आले नाहीत, दुसऱ्यांदा मावशींनी रिक्षा दारात आणून उभी केली. गोळी सुरू झाली. तीन आठवडे काही फरक नाही म्हणून पोरगा मला फोनवर चिडून बोलला. पाचव्या आठवड्यात ते स्वतःहून अंघोळीला उठले. अजून बरे झालेत असं म्हणणार नाही, मध्येच चार दिवस वाईट जातात. मीठ कमी केलं म्हणून मावशींशी भांडतात. त्या चकचकीत डब्यात आता जवसाची चटणी असते. ढोलकी हातात घेत नाहीत, डावा हात साथ देत नाही म्हणतात. परवा मी गेले तेव्हा पुतण्या दारात बसून वाजवत होता, तर खाटेवरून ओरडले, "ठेका चुकतोय."